बार्सिलोनाची ओसरी आणि माजघर

बार्सिलोनात ११६ नंबरची एक बस आहे. छोटीशी, आपल्याकडच्या मिनी बससारखी, ग्रासिया आणि ला सालुत या डोंगरउतारावरच्या वस्त्यांतल्या अरुंद चढांवरून फिरणारी. मोठी बस तिथे वळत नाही म्हणून ही छोटी, आणि तिचा उपयोग मुख्यतः तिथल्या वयस्कर माणसांना, बाजाराची पिशवी घेऊन तो चढ चढणं ज्यांना जमत नाही त्यांना. पण ती पार्क ग्वेलच्या जवळून जाते, आणि पार्क ग्वेल म्हणजे आर्किटेक्ट गौदीचा तो रंगीत टाइल्सचा नागमोडी बाक, सगळ्या जगाला तिथे बसून फोटो काढायचा असतो, त्यामुळे मोबाईलमधला नकाशा येणाऱ्या प्रत्येकाला हीच बस सुचवायचा. २०२३ च्या मे महिन्यात आम्हालाही सुचवली. आम्ही सहाजण चढलो, मागून अजून एक ग्रुप चढला, आणि पुढच्या स्टॉपवर चाकांची पिशवी घेऊन उभी असलेली एक बाई, माझ्या सासूबाईंच्याच वयाची, आत एकदा बघून नुसती मागे सरकली. दार बंद झालं. मी खिडकीतून तिच्याकडे बघत होते, ती आमच्याकडे बघतही नव्हती, तिला ते रोजचंच असावं.

पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, वाचलं की तिथल्या रहिवाशांनी महापालिकेच्या मागे लागून ही बस गूगल मॅप्सवरून काढून घेतली. बस चालूच होती, फक्त नकाशात दिसेनाशी झाली. अनेकांनी ती बातमी गंमत म्हणून फॉरवर्ड केली, मला त्यात गंमत दिसली नाही, मला ती पिशवीवाली बाई दिसली.

आणि त्याच शहरातली दुसरी एक बस आठवली, ४७ नंबरची. शहराच्या उत्तर टोकाला तोर्रे बारो म्हणून टेकडीवरची वस्ती आहे, आंदालुसिया, एक्स्त्रेमादुरा अशा स्पेनच्या गरीब भागांतून पोट भरायला आलेल्या लोकांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली. पाणी, दिवे, रस्ता, प्रत्येक गोष्टीसाठी त्यांना भांडावं लागलं. बस मागितली की उत्तर यायचं, रस्ते अरुंद आहेत, चढ फार आहे, बस वर जाणारच नाही. मानोलो विताल नावाचा बस ड्रायव्हर त्याच वस्तीत राहायचा. ७ मे १९७८ ला त्याने आपली ४७ नंबरची बस ठरलेला मार्ग सोडून सरळ टेकडीवर नेली, आणि ती गेली की वर! हुकूमशहा फ्रँको मरून तेव्हा जेमतेम अडीच वर्षं झाली होती, असल्या धाडसाची काय किंमत मोजावी लागेल हे कोणाला माहीत नव्हतं. एका टेकडीवरच्या माणसांना बस मिळावी म्हणून ती पळवून आणावी लागली, आणि दुसऱ्या टेकडीवरच्या माणसांना हाताशी असलेल्या बसमध्ये बसायला मिळावं म्हणून ती लपवावी लागली. मधे सेहेचाळीस वर्षं गेली.

६ जुलै २०२४ ला बार्सिलोनात टुरिस्टांच्या गर्दीविरुद्ध मोर्चा निघाला आणि त्यात काहींनी रेस्टॉरंटांबाहेर बसलेल्या टुरिस्टांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, ते व्हिडिओ आपल्याकडेही खूप फिरले. आमच्या फॅमिली ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर साधारण दोनच प्रतिक्रिया होत्या. एक म्हणजे यांना आमचे पैसे हवेत पण आम्ही नको. दुसरी म्हणजे आम्ही काही तसले टुरिस्ट नाही, दारू पिऊन धिंगाणा घालणारे, आम्ही शांतपणे लोकलसारखं राहतो, खरं शहर बघतो. पहिली प्रतिक्रिया रागाची आहे, तिच्याशी वाद तरी घालता येतो. मला हल्ली दुसरीच जास्त खटकते, कारण ती माझीही होती.

जुन्या वाड्याला ओसरी असायची आणि माजघर असायचं. आलेला माणूस ओसरीवर बसायचा, त्याला गूळ-पाणी मिळायचं, गप्पा व्हायच्या, प्रसंगी जेवणही तिथेच. आत माजघरात जायचं तर घरच्या माणसाने या म्हणावं लागायचं, आणि कोणी तसं म्हटलं नाही म्हणून पाहुण्याचा अपमान झाला असं कोणी धरत नसे. (त्या रचनेत जातीची उतरंडही होती, कित्येकांना ओसरीपर्यंतही येऊ देत नसत, ते मला पक्कं माहीत आहे आणि त्याचं समर्थन मी कधीच करणार नाही. मी यातून एवढंच उचलतेय की राहणाऱ्या माणसाला स्वतःची अशी एक आतली जागा लागते.) मला वाटतं शहरांचंही तसंच असतं. आणि आपण फिरणाऱ्या लोकांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत ओसरीवर बसणं कमीपणाचं मानायला सुरुवात केलीय. ओसरी म्हणजे टुरिस्टी, गर्दीची, खोटी, आणि खरं शहर कुठेतरी आत आहे, ते बघायचा आपल्याला हक्क आहे कारण आपण पैसे मोजलेत आणि आपण मनाने चांगले आहोत. बार्सिलोनाचं जे झालंय त्याचा मोठा भाग या समजुतीतून झालाय असं माझं म्हणणं आहे.

आम्ही फ्लॅट घेतला होता, एशाम्प्ला भागात, गौदीच्या साग्रादा फामिलिया या प्रसिद्ध चर्चपासून चालत दहा मिनिटांवर. साइटवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, लोकलसारखं राहा. फ्लॅट घ्यायचं आमचं खरं कारण होतं किचन. सासू-सासरे पूर्ण शाकाहारी, सासऱ्यांना डायबिटीस, रात्री वरणभात किंवा मुगाची खिचडी मिळाली की दोघांचा दिवस चांगला जातो, शिवाय सहा माणसांना हॉटेलच्या तीन खोल्यांपेक्षा फ्लॅट जवळजवळ निम्म्यात पडत होता. हे कारण काही खोटं नाही आणि मराठी घरांतून परदेशी जाणाऱ्या बहुतेकांचं हेच असतं, त्यामुळे त्याच्याकडे मी परत येईन.

जाहिरातीत दुसरा मजला होता. तिकडच्या जुन्या इमारतींत तळमजल्यावर आधी एन्त्रेसोल, मग प्रिन्सिपाल, जिथे पूर्वी घरमालक राहायचा आणि म्हणून जिथली बाल्कनी सगळ्यात देखणी असते, आणि त्याच्यावर कुठे पहिला मजला सुरू होतो, म्हणजे आपल्या हिशोबाने आम्ही चौथ्यावर. लॉबीत टपालाच्या पेट्यांची रांग होती. काहींवर दोन-दोन आडनावं, तिकडे वडिलांचं आणि आईचं दोन्ही लावतात, पट्ट्या जुन्या होऊन पिवळ्या पडलेल्या. आणि पाच पेट्यांवर नावच नव्हतं, नुसता मजला आणि दाराचा नंबर. त्यातली एक आमची. शेवटच्या दिवशी पहाटेची फ्लाइट होती, साडेचारला सहा बॅगा खाली न्यायच्या, लिफ्ट एवढीशी, चार फेऱ्या झाल्या, आम्ही कुजबुजत बोलत होतो तरी फरशीवर चाकं वाजायची ती वाजलीच. खालच्या मजल्यावरचं एक दार उघडलं, एक माणूस झोपेतून उठून आलेला, त्याने बघितलं, काही न बोलता दार लावून घेतलं. मी विमानात बसल्यावरही त्याचाच विचार करत होते. आम्ही काहीच वाईट वागलो नव्हतो. आमच्या आधीच्या आठवड्यातले कदाचित अजून सभ्य असतील, नंतरचेही असतील, आणि तरी त्या माणसाची झोप पाच दारांमुळे दर आठवड्याला मोडणार. चांगलं वागून हा प्रश्न सुटत नाही ही गोष्ट मला त्या जिन्यात कळली.

आणि ते एशाम्प्ला काय म्हणून बांधलं होतं ते बघा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बार्सिलोना जुन्या तटबंदीच्या आत कोंडलेलं होतं, माणसावर माणूस, कॉलऱ्याच्या साथीवर साथी. १८५४ मध्ये तट पाडायला सुरुवात झाली आणि इल्देफोन्स सेर्दा नावाच्या इंजिनिअरने बाहेरच्या मोकळ्या जमिनीवर नवं शहर आखलं, १८५९ चा तो आराखडा. या माणसाने आधी कामगारांच्या घरांत किती हवा आहे, मजुरी किती, खाणं काय, कोण किती वर्षं जगतं याचे आकडे गोळा केले आणि मग पट्टी हातात घेतली. साधारण ११३ मीटर बाजूचे चौकोनी ब्लॉक, चारही कोपरे कापलेले म्हणजे वळताना समोरचं दिसावं आणि चौकात मोकळी जागा मिळावी, रस्ते २० मीटर रुंद, आणि सगळी जाळी अशी तिरकी ठेवलेली की इमारतीच्या प्रत्येक अंगाला दिवसात कधीतरी ऊन मिळेल. त्याच्या मनात ब्लॉकच्या दोनच बाजूंना घरं होती आणि मधे बाग, सगळ्यांसाठी. बिल्डरांनी चारही बाजू भरल्या, वर मजले चढवले, मधल्या बागेत वर्कशॉप आणि गोदामं घातली. (हे वाचताना पुण्या-मुंबईच्या माणसाला वेगळं काही समजावून सांगायची गरज पडू नये.) गेल्या काही दशकांत शहराने त्यातली कित्येक आतली अंगणं परत मिळवली, एका अंगणात जुन्या पाण्याच्या टॉवरखाली उन्हाळ्यात मुलांना डुंबायला उथळ हौद असतो, २०१६ पासून काही रस्ते गाड्यांकडून काढून बाकं आणि झाडांना दिले, २०२३ मध्ये कोन्सेल दे सेंत या रस्त्याचा मोठा भाग तसा केला. माणसाने नीट राहावं म्हणून आखलेली, मग लोभाने बिघडलेली आणि हळूहळू परत दुरुस्त होत असलेली ही जागा. आता त्याच इमारतींत नाव नसलेल्या टपालपेट्या वाढत असतील तर ती दुरुस्ती कोणासाठी चाललीय हा प्रश्न तिथले लोक विचारणारच.

२१ जून २०२४ ला महापौर जाउमे कोलबोनींनी जाहीर केलं की टुरिस्ट फ्लॅटचे १०,१०१ परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवणार नाहीत, म्हणजे ते सगळे फ्लॅट परत राहण्यासाठी. दहा वर्षांत भाडी ६८ टक्क्यांनी वाढली, हे त्यांनी दिलेलं कारण. मार्च २०२५ मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने या निर्णयामागचा कॅटलोनियाचा, म्हणजे बार्सिलोना ज्या प्रांतात येतं त्याचा, कायदा वैध ठरवला. मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि टुरिस्ट म्हणून योग्य वाटतो. गंमत म्हणून थोडं मागे जाऊन बघितलं तर १९९० मध्ये बार्सिलोनाच्या हॉटेलांत वर्षभरात साधारण १७ लाख लोक उतरले होते, म्हणजे जवळपास शहराच्या लोकसंख्येइतकेच. मग १९९२ चं ऑलिंपिक झालं, समुद्रकिनारा मोकळा झाला, स्वस्त विमानं आली, आणि आता वर्षाला १ कोटी २० लाखांहून जास्त लोक मुक्कामाला येतात, क्रूझमधून उतरून संध्याकाळी परत जाणारे वेगळे. शहराची लोकसंख्या अजून १७ लाखांच्याच आसपास आहे.

याच्या विरोधात जे बोललं जातं त्यातलं काही मला पटतं. शहरात लाखो घरं आहेत, त्यात दहा हजार म्हणजे काहीच नाही, याने भाडी कमी होणार नाहीत असं म्हणतात. नसतीलही लगेच, घरं महाग व्हायची कारणं अनेक असतात, नवी स्वस्त घरं बांधली नाहीत हेही त्यातलं मोठं कारण आहे. पण ते दहा हजार सगळ्या शहरावर सारखे पसरलेले नाहीत ना, एकेका जिन्यात पाच-पाच आहेत, आणि जिन्यात राहणाऱ्याला सरासरीशी काय करायचंय. दुसरं म्हणतात, फायदा हॉटेलवाल्यांचा होईल. होईल, आणि त्याची काळजी वाटते, म्हणून हॉटेलांनाही मर्यादा हवी, ती मध्यवर्ती भागात नवीन हॉटेलं रोखणारी योजना शहराने २०१७ मध्येच आणली, आदा कोलाउ महापौर असताना. त्या स्वतः घर जप्तीविरोधी चळवळीतून आलेल्या होत्या.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जड जातो. फ्लॅट बंद झाले, टुरिस्ट टॅक्स वाढला की मग फक्त श्रीमंतांनी फिरायचं का? आमच्यासारखं कुटुंब पाच-सहा वर्षं पैसे साठवतं, शेंगेन व्हिसासाठी कागदांचा गठ्ठा जमवतं, आणि आयुष्यात एकदा म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन जातं, त्यांनी खिचडी कुठे शिजवायची? याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एक आहे की अपार्टहोटेल हा प्रकार असतो, हॉटेलचा परवाना आणि खोलीत छोटं किचन, महाग पडतो पण कोणाच्या जिन्यात नसतो, आम्ही पुढच्या वेळी सहा रात्रींऐवजी चारच रात्री काढू पण तिथे काढू. आणि दुसरं, माझ्या सासूबाई हे मी त्यांना सांगितल्यावर म्हणाल्या, अगं मग आपण पाव-टोमॅटो खाऊन राहिलो असतो की. तिथलं ते साधं खाणं त्यांना फार आवडलं होतं, भाजलेल्या पावावर लसूण आणि पिकलेला टोमॅटो नुसता चोळायचा, वरून ऑलिव्ह ऑइल आणि मीठ. माझी सोय ही कोणाच्या तरी घराच्या बदल्यात आहे हे एकदा कळलं की सोयीचा हिशोब वेगळा करावा लागतो, एवढंच मला म्हणायचंय.

बार्सिलोनेता बघा. बंदराजवळची कोळी-कामगारांची वस्ती, १७५३ पासून लष्करी इंजिनिअरांनी सरळ रेषेत आखून बांधलेली. १७१४ मध्ये शहर युद्धात हरल्यावर स्पेनच्या राजाने किल्ला बांधायला ला रिबेरा भागातली घरंच्या घरं पाडली होती, बेघर झालेल्यांतल्या अनेकांची सोय पुढे इथे झाली. मूळ घर एका कुटुंबाचं, मग त्याचे दोन भाग झाले, मग चार, त्याला तिथे 'क्वार्त दे काझा' म्हणतात, पाव घर, साधारण साडेतीनशे चौरस फूट. मुंबईतल्या वन रूम किचनएवढ्या त्या घरांत पिढ्यान् पिढ्या माणसं वाढली, उन्हाळ्यात खुर्च्या रस्त्यावर काढून बसणं ही तिथली बैठकीची खोली. समुद्र दोन मिनिटांवर म्हटल्यावर ती पाव घरंच आठवड्याच्या भाड्याने जायला लागली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये काही टुरिस्ट भरदिवसा नागडे त्या गल्ल्यांतून फिरले आणि लोकांचा बांध फुटला, रोज संध्याकाळी मोर्चे निघाले. बातम्यांत त्या नागड्या पोरांचे फोटो आले. पण त्या बायका फक्त नागडेपणासाठी रस्त्यावर उतरल्या नव्हत्या, भिंतीपलीकडे आज कोण आहे हे माहीत नसण्याला त्या कंटाळल्या होत्या.

'हिडन जेम' या शब्दाने तर मला आता भीतीच वाटते. एल कार्मेल भागात तुरो दे ला रोविरा नावाची टेकडी आहे. स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या इटालियन विमानांनी शहरावर बाँब टाकले, त्यांच्यावर मारा करायला इथे तोफा बसवल्या होत्या. युद्धानंतर त्याच तोफांच्या चौथऱ्यांभोवती गरिबांनी झोपड्या बांधल्या, त्या १९९० च्या सुमारापर्यंत होत्या. २०११ मध्ये शहराने ती जागा नीट करून इतिहास सांगणारी जागा म्हणून उघडली, वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेल्या वस्तीला मान मिळाला. मग कोणीतरी तिथून सूर्यास्ताचा व्हिडिओ टाकला, मग सगळ्यांनीच टाकला, टुरिस्टना माहीत नसलेली जागा असं लिहून. रात्री-रात्री पार्ट्या, खालच्या घरांना झोप नाही, बाटल्यांच्या काचा. २०२३ मध्ये शेवटी कुंपण घातलं आणि संध्याकाळी गेट बंद व्हायला लागलं. आता तिथलीच माणसंही रात्री वर जाऊ शकत नाहीत. इतकी वर्षं ती टेकडी लपलेली नव्हतीच मुळी, तिथे लोक राहत होते.

मग बघायचं काय? ओसरी बघा ना, आणि मनापासून बघा. बार्सिलोनाने आपली ओसरी स्वतः हौसेने सजवलीय. १९०८ मध्येच तिथे परगावच्या लोकांना आकर्षित करायला एक सोसायटी काढली होती. ज्याला आज गॉथिक क्वार्टर म्हणतात त्यातलं बरंचसं गेल्या सव्वाशे वर्षांतलं आहे. कॅथेड्रल मध्ययुगातलं पण त्याचा दर्शनी भाग १८८७ नंतरचा, आणि बिस्बे गल्लीवरचा तो दगडी नक्षीचा पूल, ज्याच्याखाली सगळे फोटो काढतात, तो १९२८ चा. काही जणांना हे कळल्यावर फसवल्यासारखं वाटतं. मला उलट आवडलं, येणाऱ्यासाठी कोणीतरी एवढं आवरून ठेवलंय. अर्थात ही ओसरी म्हणजेही एकेकाळी कोणाचं तरी माजघर होतं, व्हिया लाएताना हा रुंद रस्ता काढताना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या लोकांची घरं गेली, आणि आजही त्या भागात जे थोडे रहिवासी टिकून आहेत त्यांना दुकानं सापडत नाहीत, सगळीकडे फ्रिज-मॅग्नेट. म्हणूनच ओसरीची हद्द ठरवायला हवी आणि ती घरच्यांनी ठरवायची, आपण नाही.

तिथून पाच मिनिटांवर सांता मारिया देल मार आहे. १३२९ ला सुरू होऊन १३८३ ला पुरं झालं, चर्च उभारायला एवढा थोडा काळ त्या जमान्यात फार क्वचित. ते बांधलं आसपासच्या वस्तीने, खलाशी, व्यापारी, आणि बंदरावरचे हमाल, त्यांना बास्ताशोस म्हणायचे, त्यांनी मोंजुईक टेकडीवरून दगड पाठीवर वाहून आणले. राजाचा पुतळा असावा तसे मुख्य दारावर ओझ्याखाली वाकलेले दोन छोटे हमाल आहेत. सासरे तिथे खूप वेळ उभे होते, त्यांच्या वडिलांनी मार्केट यार्डात हमाली केलेली. आत गेल्यावर खांब इतके सडपातळ आणि एकमेकांपासून इतके लांब की दगडाचं वजन कुठे गेलं हेच कळत नाही. या चर्चची जागा कुठल्याही गाइडमध्ये पहिल्या पानावर मिळते आणि त्यामुळे त्याचं काही कमी होत नाही.

तसंच सांत पाव हॉस्पिटल. साग्रादा फामिलियाला येणाऱ्या लोंढ्यातले फार थोडे तिथून सरळ चालत समोर दिसणाऱ्या या इमारतींकडे जातात. लुईस दोमेनेक इ मुंतानेरने १९०२ पासून हे बांधलं, गरीब रोग्यांसाठी, आणि सेर्दाच्या जाळीला मुद्दाम तिरकं ठेवलं. वेगवेगळे पॅव्हिलियन, मधे बागा, जमिनीखालून सगळे बोगद्यांनी जोडलेले म्हणजे पेशंटला वारा-पाऊस लागू नये, आणि आडवं पडलेल्या माणसाला वर बघायला सुंदर काहीतरी असावं म्हणून छतांवर रंगीत टाइल्सची फुलं. २००९ पर्यंत इथे खरोखर हॉस्पिटल चालत होतं, आता नवं हॉस्पिटल शेजारी आहे. माझ्या दृष्टीने शहरातली सगळ्यात माणुसकीची इमारत ही, तिकीट काढून जायची, कोणाच्या दारात न उभं राहता दोन तास बसायची.

आणि माजघरात बोलावतातही की ते लोक, त्यांच्या वेळेला. गणपतीत आपलं दार कसं सगळ्यांना उघडं असतं तसं. १५ ऑगस्टच्या सुमाराला ग्रासियाची जत्रा असते, प्रत्येक गल्ली महिनोन्महिने टाकाऊ बाटल्या, कागद, पुठ्ठा यातून सजावट करते आणि गल्ल्यागल्ल्यांत चुरस. ग्रासिया हे १८९७ पर्यंत वेगळं गाव होतं आणि तो बाणा अजून आहे. २३ एप्रिलला सांत जोर्दी, सगळ्या शहरात पुस्तकं आणि गुलाब. २४ सप्टेंबरला ला मेर्से, महापालिकेसमोरच्या चौकात मानवी मनोरे लागतात, खाली माणसांचा गच्च पाया, सगळ्यात वर हेल्मेट घातलेलं लहान पोर. दहीहंडी बघितलेल्या माणसाच्या अंगावर तिथे काटा येतो, आणि त्यांची पथकं आपल्याकडच्या दहीहंडीला येऊनही गेलेली आहेत. तेव्हा जा, गर्दीत उभे राहा, 'बॉन दिया' म्हणा, तिथल्या कॅटलान भाषेत. फ्रँकोच्या काळात ही भाषा शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार होती आणि आता टुरिस्टांसाठी उघडलेल्या कॅफेत तिथल्या माणसालाच ती बोलता येईना झालंय. मुंबईत मराठी बोललं जात नाही म्हणून आपला जीव तुटतो ना, मग हे आपल्याला सगळ्यात आधी कळायला हवं.

रावालचं मात्र माझं मलाच नीट ठरवता येत नाही. जुन्या शहरातला हा दाट, गरीब भाग, पाकिस्तानी, बांगलादेशी, भारतीय, फिलिपिनो कुटुंबांचा, किराणा दुकानात कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या बघून सासूबाईंचा चेहरा खुलला होता. २०२१ मध्ये शहराने लोकांना विचारलं की पैसे कशावर खर्च करू, तेव्हा दक्षिण आशियाई घरांतल्या मुलींच्या गटाने क्रिकेटच्या मैदानाची मागणी टाकली आणि तिला भरघोस मतं पडून ती निवडली गेली. बार्सिलोनात! हेही त्या शहराचं स्थानिक कल्चरच आहे, फक्त पोस्टकार्डवर येत नाही. पण तिथे 'वेगळं काहीतरी' म्हणून कॅमेरा घेऊन फिरणारे ग्रुप बघितले आणि मी माझा फोन पर्समध्ये ठेवला.

आपल्याकडे पणजीच्या फोंतेन्हासमध्ये हेच चाललंय. रंगीत भिंती, पोर्तुगीज खिडक्या, आणि लोकांच्या पायरीवर बसून प्री-वेडिंग शूट. रहिवाशांनी वैतागून फोटो काढू नका म्हणून पाट्या लावल्या. तिथे जाऊन पाट्यांना नावं ठेवणाऱ्यांत मराठी माणसं कमी नसतात.

आता माझी मामेबहीण सप्टेंबरमध्ये बार्सिलोनाला चाललीय. परवा फोन आला, ताई, सगळ्यांना माहीत असलेलं नको सांगूस, टुरिस्ट नसतील अशी एखादी जागा सांग ना. मला लगेच एक चौक आठवला. आम्ही रस्ता चुकून तिथे पोचलो होतो, चार झाडं, एक नळ, शाळा सुटलेली, पोरं बॉल भिंतीवर मारत होती, बाकावर तीन आज्या, आणि आम्ही सहाजण आत शिरल्यावर एका पोराने बॉल उचलून हातात धरला, आम्ही जाईपर्यंत धरून ठेवला. मी बहिणीला सांत पावच्या तिकिटाचं सांगितलं, सांता मारियाच्या दारावरचे हमाल नीट बघ म्हटलं, चोवीस तारखेचे मनोरे चुकवू नकोस म्हटलं, अपार्टहोटेलच्या लिंक पाठवल्या. त्या चौकाचं नाव नाही सांगितलं.